ट्रिस्ट्रमची गिटार आणि रंगाचं भांडण

२००८ च्या जूनमध्ये पॅरिसला ब्लिझर्ड या गेम कंपनीनं 'डायब्लो ३'ची पहिली झलक दाखवली आणि जगभरच्या जुन्या खेळाडूंनी बोंब ठोकली. तक्रार एवढीच, की यात रंग फार आहेत. तळघरांत निळा उजेड कशाला, बाहेरची झाडी इतकी हिरवी कशाला? सह्यांची मोहीम निघाली. काहींनी कंपनीचीच चित्रं घेऊन काळपट केली आणि 'हे असं हवं' म्हणून फिरवली. कंपनीचं उत्तर खोडसाळ होतं: २०१२ साली गेम आला तेव्हा त्यात इंद्रधनुष्य, हसरे ढग आणि शिंगवाले घोडे असलेला एक अख्खा छुपा मुलूख दडवलेला होता.

गंमत ओसरली, समज मात्र राहिला. काळं म्हणजे भयाण, उजळ म्हणजे पोरकट. सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियाला जेवणानंतर सोसायटीच्या गेटपाशी उभी राहणारी पोरंही हेच म्हणतात. यांची घरं धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली. आजोबा लूमखात्यात, वडील कापड मार्केटात पार्सलच्या कामाला, हे स्वतः कुणी एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनला, कुणी कॉलेजात. घरात अहिराणी, गेटवर गुजराती, हिंदी, मराठी जे तोंडाला येईल ते. 'चौथ्या भागात पुन्हा अंधार आणला, म्हणून वातावरण परत आलं,' असा त्यांचा निकाल. दुसरा पक्ष वयानं थोराड. त्यांच्या लेखी पहिला डायब्लो आणि २००० सालचा दुसरा, एवढेच दोन खरे. पुढचं सगळं दुकान. तिसरा पक्ष घरातला: 'काय ती ढणढण लावलीय, बंद कर.' मला या तिघांशीही भांडायचं आहे.

आधी रंगवाल्यांशी. त्यांचा दावा तपासण्यासाठी वेगळी प्रयोगशाळा उघडायला नको. दोन प्रयोग आपोआप होऊन गेले आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये 'डायब्लो २ : रिसरेक्टेड' आला. चित्रं सगळी नव्यानं घडवलेली, पण जुनी फेकून दिली नाहीत. संगणकावर खेळताना 'जी' हे बटण दाबलं की पडदा एकवीस वर्षं मागे जातो: ओबडधोबड ठिपके, चौकोनी कडा. पुन्हा दाबलं की चिलखतावर चकाकी, आगीची सावली भिंतीवर नाचणारी. संगीत मात्र दोन्हीकडे तेच, मॅट उलमन यांचं. खेळता खेळता ते बटण दाबत राहा. चित्र उलटंपालटं होतं, पोटातला गोळा जागचा हलत नाही.

दुसरा प्रयोग याच्या बरोबर उलटा. मूळ डायब्लो २ तीन सीडींवर यायचा आणि त्याचं संगीत एका स्वतंत्र फाइलीत असायचं. ती फाइल नसली तरी गेम चालायचा. त्या काळात गेमच्या हलक्या केलेल्या चोरट्या प्रती सर्रास फिरत. जागा वाचवायची म्हणून त्यांतून चित्रफिती आणि संगीत कापलेलं असे. म्हणजे चित्र पूर्ण, अंधार पूर्ण, रक्त पूर्ण, फक्त सूर गायब. तसल्या प्रतीवर खेळलेली माणसं मला माहीत आहेत. ती या गेमबद्दल बोलतात तेव्हा तलवारी, जादू, कुठल्या पातळीवर काय सापडलं, हे सगळं सांगतात. भीतीचा विषयच निघत नाही. त्यांच्या लेखी तो मारामारीचा एक झकास गेम होता, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी खेळलेला गेम तेवढाच होता.

मग सुरांत होतं तरी काय? १९९६ च्या अगदी शेवटी आलेला पहिला डायब्लो फार छोट्या जागेत घडतो. वर ट्रिस्ट्रम नावाचं गाव, खाली पडक्या देवळाच्या पोटात सोळा मजले. गावात लोहार आहे, वैद्य आहे, दारुडा आहे, लाकडी पायाचा एक बेरकी पोरगा आहे. देवळाच्या दारातला मरू घातलेला माणूस सोडला तर भ्यावं असं वर काही नाही. आणि तिथं वाजते बारा तारांची गिटार, उलमन यांनी स्वतः वाजवलेली. दुहेरी तारांमुळे प्रत्येक सुराला बारीक कंप, त्यावर प्रतिध्वनी. सूर आता मुक्कामाला येणार असं वाटतं आणि ते अलीकडच्या पायरीवरच थबकतात. पुन्हा निघतात, पुन्हा थबकतात. गावावर संकट आहे हे कुठलाही गावकरी सांगायच्या आधी ती गिटार सांगून मोकळी होते. महत्त्वाचं हे, की तारेवरून सरकणारं बोट ऐकू येतं. कुणीतरी माणूस इथं बसलेला आहे. खाली उतरलं की तो माणूस नाहीसा होतो. तिथं चाल अशी नाहीच. नगाऱ्याचे विस्कळीत ठोके, घासल्यासारखे आवाज, लांबून कण्हणं. भय निर्माण होतं ते खालच्या आवाजांनी नव्हे, वरची गिटार सुटल्यामुळे.

चार वर्षांनी याच गोष्टीचा काय उपयोग करून घेतलाय पाहा. डायब्लो २ मध्ये आपण ट्रिस्ट्रमला परत जातो. गाव जळलेलं, गावातला म्हातारा केन पिंजऱ्यात टांगलेला, आणि ज्या ग्रिसवोल्ड लोहाराकडून आपण तलवारी घेतल्या तोच प्रेत होऊन अंगावर येतो. तिथं जुनी गिटार पुन्हा वाजते. कुठलंही चित्र एवढं काम करू शकलं नसतं, कारण पहिल्या गेमचं गाव इथं नीट ओळखूही येत नाही. ओळखतो तो कान.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे रंगवालेच काय, संगीताचे भक्तही दुर्लक्ष करतात. पहिल्या दोन भागांत संगीत जागेला चिकटलेलं असतं, लढाईला नाही. राक्षस अंगावर धावून आले तरी ते चढत नाही, मेले तरी उतरत नाही. तुम्ही जगा की मरा, त्याला सोयरसुतक नाही. पर्वत पाटिया-लिंबायत पट्ट्यातल्या कुणाही जुन्या कारागिराला विचारा: शेकडो लूमच्या खडखडाटात तो आरामात गप्पा मारतो, पण एक लूम अडलं की मान तिकडे वळते. सलग आवाजाला सरावलेला कान फरकासाठी टवकारलेला राहतो. डायब्लोचं तळघर कानाला असंच टवकारून ठेवतं. संगीतानं इशारा द्यायचाच नाही असं ठरवल्यामुळे दाराची करकर, हाडांचा खुळखुळ, अंधारात जमिनीवर पडलेल्या अंगठीची टिंग, हे सगळं ऐकावं लागतं.

घरातल्या पक्षाला उत्तर यातच आलं, पण त्यांचा एक मुद्दा वजनदार आहे: हे सगळं परकं, यात आपलं काय? आपलं खूप आहे. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा आणि आमच्या वाटेवरच्या डांगातला भवाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावं लागू नये. मशाली, मुखवटे, रात्रभर चाललेलं जागरण. दैत्याचं सोंग उजेडात येण्याआधी त्याचं वाजप येतं. मांडीवरचं पोर आईला चिकटतं ते मुखवटा दिसल्यावर नव्हे, वाद्यांची चाल बदलल्यावर. आणि परकेपणाचंच म्हणाल तर २०१८ चा 'तुंबाड' आठवा. राही अनिल बर्वे यांचा सिनेमा, गाव कोकणातलं, गोष्टीला नारायण धारपांचा आधार, गाणं अजय-अतुल यांचं. पण तो वाडा, तो पाऊस, ती विहीर ज्या पार्श्वसंगीतानं अंगावर येते ते जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं, आणि हा गृहस्थ व्हिडिओ गेमच्या संगीतातून नावारूपाला आलेला. त्यातला हस्तर हा कोकणातला दैत्य ज्याच्या सुरांवर आपण मुकाट्यानं मानला, त्याच्या बिरादरीचं काम घरातल्या संगणकावर वाजलं की ती ढणढण कशी होते?

आता थोराड पक्ष. हे माझ्या जवळचे, म्हणून भांडण जास्त. 'जुनं ते अस्सल, तारेवरचं. नवं ते वाद्यवृंदाचं, फुगवलेलं' हा त्यांचा पवित्रा टिकत नाही. डायब्लो २ च्या लुट घोलीन शहरातले आणि वाळवंटातले कितीतरी ध्वनी तयार नमुन्यांच्या संग्रहांतून उचलून उलमन यांनी जोडलेले आहेत. २००१ च्या पुरवणी भागासाठी त्यांनीच स्लोव्हाकियातला मोठा वाद्यवृंद घेतला. अस्सलपणाची कसोटी लावायची तर ती आधी जुन्यालाच लावावी लागेल, आणि ती मुळात लावण्यासारखी कसोटी नाही. वाद्यं शंभर की एक, हा प्रश्न गौण. तिसऱ्या भागात संगीतकार रसेल ब्रोवर आणि मंडळींनी गिटारसाठी लॉरेन्स ज्युबर यांना बोलावलं. पॉल मॅकार्टनींच्या विंग्जमध्ये वाजवलेला, हाताचा गोड माणूस. नव्या ट्रिस्ट्रमची गिटार तंत्रात जुन्यापेक्षा कणभर कमी नाही. तरी तिसरा भाग भीती घालत नाही हे मी मान्य करतो. कारण रंग नव्हे आणि वाद्यवृंदही नव्हे. तिथलं संगीत तुमच्या बाजूला येऊन उभं राहतं. ते तुम्हाला वीर म्हणतं, लढत मोठी आहे सांगतं, विजयाला तुतारी देतं. ज्याच्या पाठीशी एवढा मोठा वृंद उभा आहे त्यानं घाबरायचं कशाला?

रंग निर्दोष असल्याचा पुरावा उलमन यांच्याच पुढच्या कामात आहे. २००५ मध्ये डायब्लोचं मूळ घर, ब्लिझर्ड नॉर्थ, बंद झालं. तिथल्या काही जणांनी २००९ साली 'टॉर्चलाइट' काढला: लहान मुलांच्या कार्टूनसारखी चित्रं, टवटवीत रंग आणि गावात उलमन यांची गिटार. गेम भयाण नाही, तसा त्याचा इरादाही नाही. पण त्या गावात उभं राहिलं की उगाच हुरहूर लागते, आणि ती रंगांना न जुमानता लागते.

चौथा भाग, जून २०२३. पोरं म्हणतात अंधार परत आला. आला, पण सोबत संगीतानं खेळाडूची खुशामत सोडली, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. किओव्हाशाद शहराभोवतीच्या बर्फात फिरताना बराच वेळ फक्त वारा आणि पावलं. मग तंतुवाद्यांचा एक लांबट श्वास, लगेच विरणारा. ट्रिस्ट्रमच्या तोडीची चाल त्यात नाही, हे थोराडांचं म्हणणं मला कबूल. कुणी गुणगुणत घरी जाईल असं तिथं काही नाही. पण तळघरापुरतं हे संगीत जुन्याच घराण्याचं.

राहिला सगळ्यात कठीण आक्षेप, आणि तो तिन्ही पक्षांत सापडतो. डायब्लो हा पुनरावृत्तीचा खेळ. तेच तळघर पन्नासदा उपसायचं, कुठंतरी एक बरी ढाल मिळेल म्हणून. दहाव्या खेपेला संगीत कोण ऐकतो? आवाज बंद, मोबाइलवर आपला अरिजित सिंग. मी याला आळस म्हणणार नाही. तिसऱ्या भागात मीही तेच केलं. नाट्य भरलेली चाल पाचव्यांदा ऐकली की तिचे दोरे दिसतात. मात्र जुन्या जोडणीत याच अडचणीचा विचार होता. जिथं क्षणभर थांबायचं त्या गावाला चाल दिली, जिथं तासन्‌तास घासायचं त्या तळघराची चाल काढून घेतली. जे पाठ होत नाही ते शिळंही होत नाही. पहिल्या गेमचं सगळं संगीत सहा तुकड्यांत मावतं आणि तरी लोक ते पंचवीसहून अधिक वर्षं ऐकताहेत, ते यामुळे.

चौथ्या भागानं अरिजितवाल्यांची सोय दुसऱ्याच पद्धतीनं लावली आहे. पहिल्या गेममधला बुचर, दुसऱ्या मजल्यावरच्या कोठडीत बसलेला तो खाटीक, आता कुठल्याही तळघरात कधीही उगवतो. दिसायच्या आधी त्याचा घोगरा आवाज येतो, आणि पळायचं असेल तर तेवढीच सवड असते. हार्डकोर प्रकारात मेलेला नायक परत मिळत नाही. गेटपाशी परवा एकजण असाच, महिनाभर वाढवलेला नायक गमावून आला होता. कसा मेला विचारलं, तर म्हणाला, कळलंच नाही, गाणं चालू होतं.