आपला मैला, आपली पाठ

हिवाळ्यातल्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला माणसांची रीघ लागते. रविवारी उजाडले की जो तो पाण्याची बाटली घेऊन आडोसा शोधू लागतो. हे सर्वांना ठाऊक असते, पण बोलत कुणीच नाही. वेफर्सची पाकिटे आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून खाली आणण्याची शिस्त अनेक गिर्यारोहण संस्थांनी मेहनतीने रुजवली. त्या शिस्तीत आता विष्ठाही आली पाहिजे.

वीतभर खोल खड्डा खणा, पाण्यापासून साठेक मीटर लांब जा, नीट बुजवा, असा सल्ला नेहमी दिला जातो. दाट जंगलात, भरपूर मातीत तो ठीक आहे. गडमाथ्यावर कातळावर जेमतेम चार बोटे माती असते. पिण्याचे पाणी कातळात खोदलेल्या टाक्यांत, आणि बहुतेक टाकी उतारावरून वाहत येणाऱ्या पावसावर भरतात. माथ्यावर उरलेली घाण पावसाबरोबर त्याच टाक्यांकडे वाहते. जुलाब, टायफॉइड आणि कावीळ यांची वाट हीच. तोवर ट्रेकर घरी पोचलेला असतो. ते पाणी पुढेही पीत राहतात गडावर ताक-सरबत विकणारी माणसे आणि गुराखी.

बर्फाच्या शिखरांवरही विष्ठा नाहीशी होत नाही. अलास्कातल्या डेनालीवर गिर्यारोहक वर्षानुवर्षे ती हिमनदीच्या भेगांत टाकत आले. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे हिमनदी-अभ्यासक मायकेल लोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बर्फात गाडलेल्या विष्ठेतले जंतू तग धरतात आणि हिमनदीबरोबर सरकत ती विष्ठा कधीतरी खाली उघडी पडणार. २०१८ पासून तिथे १४,२०० फुटांवरच्या तळाच्या खाली झालेली सगळी विष्ठा झाकणाच्या डब्यातून परत आणावी लागते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेने २०२४ मध्ये चढाईला जाणाऱ्यांना खास पिशव्या सक्तीच्या केल्या. पिशवीतली पावडर ओल शोषून विष्ठा घट्ट करते, दुर्गंधी दाबते. आठ हजार मीटरच्या वाटेवर जे जमवायचे ठरले, ते एका रात्रीच्या गडमुक्कामाला जमणार नाही, असे कोण म्हणेल?

खरी अडचण मनाची आहे. आपला मैला दुसऱ्या कुणीतरी उचलावा, ही सवय जातिव्यवस्थेने आपल्या अंगी मुरवली. महाराष्ट्राने त्या सवयीशी झुंजणारा माणूसही पाहिला आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. सवर्ण कैद्याला ते द्यायला सरकार तयार नव्हते, म्हणून त्यांनी उपोषण केले. त्यांच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेबांनी सोप्या, स्वच्छ संडासांचा प्रसार केला. दुसऱ्यांचा मैला उचलण्यासाठी त्यांनी उपोषण केले. आपल्याला फक्त स्वतःचा उचलायचा आहे.

म्हणून नियम साधे हवेत. मुक्कामी ट्रेकच्या शुल्कातच आयोजकांनी प्रत्येकाला पिशवी द्यावी. तयार पिशवी महाग वाटली तर जाड पिशवीत लाकडाचा भुसा घालावा, गाठ मारावी आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डबा ज्याचा त्याने वाहावा. सामान उचलायला घेतलेल्या गावातल्या पोराच्या पाठीवर तो कदापि देऊ नये. पायथ्याच्या गावाच्या उकिरड्यावर पिशव्या टाकल्या तर सगळे श्रम वाया जातील. त्या शहरात आणून, बाळांच्या डायपरप्रमाणे वेगळ्या गुंडाळून, खूण करून कचरागाडीत द्याव्यात. आणि ट्रेक लीडरने आपला डबा सर्वांदेखत सॅकला बांधावा. लाज मोडायला एवढे एक उदाहरण पुरते.

वनखाते फलक लावेल, दंडही करील; पण पहाटेच्या अंधारात झुडपामागे पहारा कुणी ठेवू शकत नाही. हे काम गिर्यारोहण संस्थांचेच आहे. येत्या हंगामापासून सामानाच्या यादीत टॉर्चच्या शेजारी ही पिशवी लिहावी, आणि जो ती घ्यायला नकार देईल त्याला मुक्कामाला नेऊ नये.