विकत घेतलेलं शहर

दक्षिण फ्रान्सला जाणारी आपली माणसं आविन्योंला उतरतात, तो अर्धवट उरलेला पूल बघतात, फोटो टाकतात आणि पुढच्या गावाला निघतात. पूल बघण्यासारखा आहेच. २२ कमानींपैकी ४ उरल्यात. ऱ्होन नदीच्या पुरात पुन्हा पुन्हा पडायचा, शेवटी सतराव्या शतकात दुरुस्तीचा नाद सोडून दिला. पण माझं मत विचाराल तर त्या शहराची खरी गोष्ट पुलाची नाही, एका खरेदीची आहे.

१३०९ ते १३७७ या काळात ७ पोप रोम सोडून इथे राहिले. सुरुवातीला शहर त्यांच्या मालकीचं नव्हतं. ते होतं नेपल्सची राणी जोआना हिचं. नवऱ्याच्या खुनाचा तिच्यावर संशय, राज्यावर शत्रू चालून आलेला, हातात पैसा नाही. १३४८ साली तिने आविन्यों पोप सहावे क्लेमेंट यांना ८०,००० सोन्याच्या फ्लोरिनांना विकलं. खुनाच्या आरोपातून तिला मोकळं केलं तेही याच पोपनी. कर्जाच्या फायली चाळण्यात माझी नोकरी गेली. अडलेला विकणारा आणि रोकड घेऊन बसलेला घेणारा ही जोडी मी लांबून ओळखतो. इथे तर घेणाराच न्यायाधीश!

रहिवाशांना विचारायची तेव्हा पद्धतच नव्हती. पोप रोमला परतले तरी शहर पोपच्याच सत्तेत राहिलं, थेट १७९१ पर्यंत. त्या वर्षी मात्र आविन्यों आणि आसपासच्या गावांची मतं घेतली, आणि १४ सप्टेंबरला पॅरिसच्या असेंब्लीने विलीनीकरण मंजूर केलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. आधी आविन्यों आणि कार्पांत्रास यांच्यात लढाया झाल्या, आणि नंतर महिन्याभरात पोपच्या राजवाड्यातल्या बुरुजात साठेक माणसं मारली गेली. तरी विचारलं, हे मी मोठं मानतो.

१९५६ ला आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आम्हाला कुणी विचारलं नाही. गोव्याला १९६७ मध्ये विचारलं. तिथला कौल विलीनीकरणाच्या विरोधात गेला, आमच्याकडे पुष्कळांना वाईट वाटलं. पण तो त्यांचा कौल होता, त्याच्याशी भांडायचं कुणाला? आमच्याकडे भांडायला कौलच नाही.

असो. जाणार असाल तर पुलाला अर्धा तास द्या आणि राजवाड्याला तीन. दालनं रिकामी आहेत, पुढे तिथे सैनिकांची बराक होती. हातात टॅब्लेट देतात, त्यात जुनी सजावट दिसते. पायऱ्या भरपूर, गुडघेवाल्यांनी सकाळीच जावं.