सेन्सर, सेन्सॉर आणि जॉब कार्ड

मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आवक रजिस्टर चाळत होतो. एक नोंद दिसली : ‘टेम्परेचर सेन्सॉर, २ नग’. चित्रपटाला कात्री लावणारा सेन्सॉर आणि आपला सेन्सर स्टोअरकीपरने एकाच ओळीत बसवले होते. हसून पान उलटले, पण नोंद डोक्यातून जाईना.

उच्चार जवळचे असले तरी या दोन शब्दांची घराणी वेगळी. सेन्सॉरचे मूळ ‘मूल्य ठरवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. प्राचीन रोममधला सेन्सॉर शिरगणती करी आणि नागरिकांच्या वर्तनाचा निवाडाही करी. सेन्सस हा त्याचाच भाऊबंद. सेन्सर आला ‘सेन्तिरे’वरून, म्हणजे जाणवणे. पहिला निवाडा देतो, दुसऱ्याला नुसते जाणवते.

यंत्राला सेन्सर म्हणायची रीत मात्र अलीकडची, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. थर्मोकपलचे तत्त्व झेबेकला १८२१ मध्ये सापडले. प्लॅटिनमच्या तारेच्या रोधावरून तापमान मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्सने १८७१ मध्ये मांडली. वस्तू होत्या, हे नाव नव्हते. ट्रान्सड्युसर हा शब्दही त्याआधीच, १९२०च्या दशकात, वापरात आला. त्याचा मूळ अर्थ ‘पलीकडे नेणारा’, आणि कामाचे वर्णन म्हणून तो अधिक प्रामाणिक.

कारण ‘जाणवणे’ हा शब्द यंत्राला जरा जास्तच मान देतो. मराठीतला ‘संवेदक’ही तसाच. ज्या ‘विद्’ धातूतून वेद आले, त्यातूनच वेदनाही आली. आरटीडीतल्या प्लॅटिनमच्या तारेला ना ज्ञान, ना वेदना. पीटी-१०० असेल तर शून्य अंश सेल्सिअसला तिचा रोध १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५ ओहम, एवढेच. या ओहमचा अर्थ अमुक अंश, हा निवाडा ट्रान्समीटर देतो. म्हणजे लूपमध्ये सेन्सॉर असलाच, तर तो तिथे बसलेला असतो.

आता त्या २ नगांची कथा. एका टाकीचे तापमान ८ अंश जास्त दिसत होते. जॉब कार्डवर शेरा पडला, ‘सेन्सर खराब’. आरटीडी बदलला, आकडा हलला नाही. पुन्हा तोच शेरा, पुन्हा नवा आरटीडी. तिसऱ्या वेळी कोणीतरी हेडचे झाकण उघडले. पावसाचे पाणी आत उतरून एका टर्मिनलवर गंज चढला होता. जोडणी दोन तारांची, त्यामुळे गंजाचे ३ ओहम थेट तारेच्या रोधात मिळत होते. एका अंशाला ०.३८५ ओहम, भागाकार करून पाहा.

आपण टोकापासून केबलपर्यंत सगळ्यालाच सेन्सर म्हणतो, म्हणून दोष कुठेही असला तरी बदलले जाते ते टोकच. तेव्हा वाचकांना एकच विनंती : जॉब कार्डवर सेन्सर, जोडणी आणि ट्रान्समीटर असे तीन वेगळे रकाने करा, आणि मोजल्याशिवाय एकाही रकान्यात खूण करू नका.

निघण्यापूर्वी भंगाराच्या पेटीतून ते काढून टाकलेले आरटीडी मागवले, ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवले आणि मल्टीमीटर लावला. दोन्ही १०० ओहम दाखवत होते.