फाटक केव्हा देता?

आज रविवार. चहाचा कप हाती घेऊन आपण निवांत ही पुरवणी उघडली असेल. ही सुटी आपल्याला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हा कुठे १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.

बार्शीटाकळीत आमच्या घरामागे वेल्डिंगचे दुकान आहे. फाटके, ग्रिल, टिनाच्या शेडचा सांगाडा अशी कामे. मालक धरून माणसे तीन. मागच्या उन्हाळ्यात घरी लग्न निघाले आणि फाटकासाठी मी रोजचा तगादा लावला. एका रात्री दीड वाजता जाग आली, तर खिडकीवर निळा उजेड लखलखत होता. सकाळी वेल्डिंग करणाऱ्या पोराचे डोळे लालभडक! म्हटले, "थोडं झोपायचं ना रे." तो हसला. "काकाजी, लगन तुमच्या घरी हाय, मंग आमाले झोप कायची?"

जर्मनीतही लोखंड असेच कापतात, जोडतात, घासतात. पण पश्चिम जर्मनीच्या धातू उद्योगात १९९५ पासून आठवडा ३५ तासांचा झाला. तो देश श्रीमंत, यंत्रे भारी, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण यंत्रांनी आपणहून तास कमी केले नाहीत. त्यासाठी १९८४ साली तिथल्या कामगारांना कित्येक आठवडे संप करावा लागला.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मजुरी सांगितली. मात्र तीन माणसांचे दुकान सहसा त्या कक्षेत येत नाही. तिथे ना संघटना, ना हजेरीचे घड्याळ. मालक तरी काय करणार? नाही म्हटले, तर गिऱ्हाईक अकोल्याला जाते.

म्हणजे त्या पोराचे तास ठरवतो कोण? आपणच, "उद्याच पाहिजे" म्हणणारे! फाटकाच्या भावात मी घासाघीस केली होती. रात्रीच्या जागरणाचा एक पैसाही जादा दिला नव्हता.

परवा माडीच्या ग्रिलसाठी पुन्हा त्याच दुकानात गेलो. तारीख सांगितली नाही. "रात्रपाळी न करता केव्हा जमेल?" एवढेच विचारले. मालक क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला.