पगार वाढला, ताट सुधारलं?

पगार वाढला की माणूस आपोआप नीट खाऊ लागतो, असं अर्थशास्त्र शिकलेले आणि न शिकलेले दोघेही ठासून सांगतात. त्यांच्या हाती आकडे आहेत. 1999-2000 साली ग्रामीण भारतात घरखर्चाचे 59 टक्के अन्नावर जात. 2022-23 साली 46. तृणधान्यांचा वाटा 22 टक्क्यांवरून 5 च्या आत आला. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 मध्येच सांगितलं होतं की उत्पन्न वाढलं की अन्नखर्चाचा वाटा घटतो. इथवर कबूल.

पण वाटा घटला म्हणून पोषण वाढलं, हे कुणी ठरवलं? 2022-23 च्या त्याच घरखर्चाच्या पाहणीत अन्नखर्चात सर्वांत मोठा वाटा निघाला पेयं, तयार जेवण आणि पाकीटबंद खाण्याचा. (खानावळीचं ताटही त्यातच मोजतात, तेव्हा सगळं पाप कुरकुऱ्यांच्या माथी नको.) आणि छत्तीसगडात 15 ते 49 वयाच्या रक्तक्षयी स्त्रिया 2015-16 मध्ये 47 टक्के होत्या, त्या 2019-21 मध्ये 60.8 टक्के झाल्या. त्या काळात राज्य गरीब होत गेलं, असं कुणी म्हणणार नाही.

छत्तीसगडातल्याच भिलाईत याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. 1959 मध्ये इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून तो पाळ्यांवर चालतो. रात्रपाळी असलेलं घर वाढलेल्या पगारातून आधी वेळ विकत घेतं: दळलेलं पीठ, निवडलेली डाळ, बाहेरचा नाश्ता. याला आळस म्हणणाऱ्यानं महिनाभर तशी पाळी करून पाहावी. तिथंच, त्याच दरांत, ठेकेदाराचा मजूरही खरेदी करतो. त्याच्याकडे तांदूळ असतो. डाळ परवडेलच असं नाही.

मग काही जण जुन्या ताटाकडे वळतात. छत्तीसगडात 2022 पासून काही वर्षं 1 मे हा सरकारी थाटात बोरे-बासी दिवस झाला. बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, उन्हाळ्यात उत्तमच. पण ज्याच्यापुढे रोज तोच होता, त्याला अंडं हवंसं वाटलं तर त्यात संस्कृती बुडत नाही.

वाढत्या मिळकतीनं निवड मिळते. त्या निवडीतून पोषण व्हायला मात्र डाळ, अंडी, पालेभाजी आवाक्यात लागतात. छत्तीसगडच्या 2012 च्या अन्नसुरक्षा कायद्यात बिगर-अनुसूचित भागांतल्या गरीब कुटुंबांसाठी 10 रुपये किलोनं 2 किलो डाळ लिहिलेली होती. भिलाईच्या वाचकांनो, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना ती कधी मिळाली का, एवढं विचारा.