पॅच आला, पण लावला कोणी?

सबमिशनच्या आदल्या रात्री कुठून तरी डॉकरफाइल कॉपी-पेस्ट करणारे आपल्यात कमी नाहीत. पहिल्या ओळीत टॉमकॅटची सापडेल ती इमेज, खाली आपली वॉर फाइल. बिल्ड झालं, डेमो चालला, व्हायवात सरांनी दोन प्रश्न विचारले, विषय संपला. कॉलेजात हे खपून जातं. पंचाईत अशी, की नोकरीत गेल्यावरही हाच प्रकार पाहायला मिळतो. फक्त तिथे त्या इमेजमध्ये एखाद्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं पोर्टल असतं.

२० ऑक्टोबर २०२० ला ओरॅकलने आपले तिमाही पॅच जाहीर केले. त्यात वेबलॉजिक या ॲप्लिकेशन सर्व्हरमधल्या एका त्रुटीवर उपाय होता. मोठमोठ्या संस्थांची जावामध्ये लिहिलेली सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतात, असा हा सर्व्हर. त्रुटीचं गांभीर्य १० पैकी ९.८. पासवर्ड वगैरे काही नको. बाहेरून नीट रचलेली एक रिक्वेस्ट पाठवली की अख्खा सर्व्हर ताब्यात! आठवडाभरातच हे कसं करायचं याचा कोड इंटरनेटवर फिरायला लागला आणि पाठोपाठ हल्लेही सुरू झाले. त्यात भर म्हणजे, त्या पॅचलाच वळसा घालता येतो असं लक्षात आलं. १ नोव्हेंबरला ओरॅकलने वेळापत्रक बाजूला ठेवून दुसरा पॅच काढला. १२ दिवसांत दोनदा तेच काम. आता शंभर सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमचा विचार करा, तेही ऐन सणाच्या दिवसांत.

पुढच्याच वर्षी लॉगफोरजे प्रकरण झालं. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या या साध्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत १० पैकी १० गुणांची त्रुटी जाहीर झाली. उपाय म्हणून २.१५.० आलं, मग ते पुरेसं नाही म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. एका महिन्यात चार वेळा! ज्यांना प्रत्येक वेळी हाताने सगळं करावं लागलं, त्यांचा तो डिसेंबर कसा गेला असेल हे सांगायला नको.

इथे कंटेनरची एक गंमत समजून घ्यायला हवी. जुन्या पद्धतीत ॲडमिन रात्री सर्व्हरवर लॉगिन करायचा, पॅच चढवायचा, रीस्टार्ट करायचा. कंटेनरच्या आत शिरूनही असा पॅच लावता येतो, पण तो टिकत नाही. त्या जागी नवा कंटेनर सुरू झाला की तो मूळ इमेजवरूनच तयार होतो, म्हणजे पुन्हा जुनाच माल. मेसच्या डाळीत मीठ कमी पडलं तर आपल्या ताटात वरून घेता येतं. पण उद्याची डाळ सुधारायची तर स्वयंपाकघरातच सांगावं लागतं. तसंच हे. कंटेनर दुरुस्त करायचा नसतो, इमेज नव्याने बनवायची असते.

आणि ही इमेज थरांची असते. तळाला लिनक्स, त्यावर जावा, त्यावर ॲप्लिकेशन सर्व्हर, सगळ्यात वर तुमचा कोड. डॉकर हबवरच्या अधिकृत इमेजेस तळाचा थर बदलला की पुन्हा बांधल्या जातात. पण त्यांच्यावर तुम्ही उभी केलेली इमेज? ती ज्या दिवशी बनली त्याच दिवसात अडकून राहते. तुमच्या कोडची एक ओळही बदललेली नसते, तरी इमेज दिवसेंदिवस असुरक्षित होत जाते. ‘चालतंय ना, हात लावू नका’ हा आपला लाडका नियम इथे चक्क उलटा पडतो.

म्हणून हे काम यंत्राकडे द्यायचं. वेबलॉजिकसाठी ओरॅकलचंच ‘वेबलॉजिक इमेज टूल’ आहे, ओपन सोर्स. त्याला सर्व्हरची आवृत्ती सांगायची. शिफारस केलेले पॅच ते स्वतः उतरवून घेतं आणि त्यांच्यासकट नवी इमेज बांधून देतं. असलेल्या इमेजवर पॅचचा आणखी एक थर चढवायचीही सोय त्यात आहे, पण त्याने इमेज फुगत जाते. त्यापेक्षा पहिल्यापासून बांधलेली बरी. मग कुबरनेटिसला नव्या इमेजचं नाव द्यायचं. ते एकेक जुना कंटेनर उतरवतं, नवा चढवतं आणि साइट सुरू राहते. टॉमकॅटवाल्यांसाठी रेनोव्हेट, डिपेंडाबॉट यांसारखे बॉट आहेत. नवी आवृत्ती आली की ते स्वतःच पुल रिक्वेस्ट टाकतात. ट्रिव्हीसारखं स्कॅनर इमेजमध्ये काय काय भरलंय ते उलगडून दाखवतं.

एवढं सगळं फुकटात मिळतंय, मग अडतं कुठे?

इक्विफॅक्सचं उदाहरण कंटेनरचं नाही, पण उत्तर तिथेच आहे. अमेरिकेतल्या या क्रेडिट कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. दार होतं अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधली त्रुटी. तिचा पॅच मार्चच्या सुरुवातीलाच आला होता आणि माहितीची चोरी मेच्या मध्यावर सुरू झाली. दोन महिने हातात होते! पॅच लावा असा मेल कंपनीत आतल्या आत फिरला होता. स्कॅनही केलं होतं. ते स्ट्रट्स सापडलंच नाही. नंतर माजी सीईओ रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकी संसदेपुढे एका माणसाच्या चुकीकडे बोट दाखवलं. मला ही सारवासारव कधीच पटली नाही. कोट्यवधी लोकांची सुरक्षितता एका माणसाने मेल पुढे पाठवण्यावर अवलंबून असेल, तर चूक त्या माणसाची की ती व्यवस्था उभारणाऱ्याची?

खरा अडथळा हत्यारांचा नसतो, भीतीचा असतो. पॅच लावल्यावर ॲप बंद पडलं तर? टेस्ट नीट लिहिलेल्या नसतील तर ही भीती अगदी रास्त आहे. मग इमेज आपोआप बनते आणि ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू’ म्हणत रजिस्ट्रीत पडून राहते.

बरं, मग टेस्ट वगैरे सोडा, येईल ते ‘लेटेस्ट’ डोळे झाकून घेत राहिलं तर? तेही नको. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअरला आपल्या मशीनवरचं एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं. खोदत गेल्यावर एक्सझेड या लिनक्समधल्या लायब्ररीच्या ताज्या आवृत्तीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. पेरणाऱ्याने जवळपास दोन वर्षं त्या प्रोजेक्टमध्ये इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचला होता. स्थिर आवृत्त्या वापरणारे वाचले. त्यामुळे शहाण्या पाइपलाइनमध्ये ‘लेटेस्ट’ असं मोघम लिहीत नाहीत, नेमक्या आवृत्तीचा डायजेस्ट लिहितात. तो बदलायचं काम बॉट करतो. बदल टेस्टमधून जातो, आणि गंभीर त्रुटीचा पॅच नसेल तर थोडे दिवस थांबतोसुद्धा. कशाला थांबायचं आणि कशाला रात्रीत धावायचं, हे ठरवणारं डोकं मात्र माणसाचंच लागतं.

फ्रेशर म्हणून तुमच्या वाट्याला येईल ते नेमकं हे काम. आपल्याकडे सर्ट-इनने २०२२ मध्ये सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचं बंधन घातलं. २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत याची यादी, म्हणजे एसबॉम, कशी ठेवायची याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. इक्विफॅक्सला स्ट्रट्स कुठे आहे तेच सापडलं नव्हतं. त्याच दुखण्यावरचं हे औषध. इमेज पाइपलाइनमधून बांधली जात असेल तर ही यादी बिल्डबरोबरच तयार करून घेता येते. हाताने बांधली असेल तर एक्सेल शीट उघडा आणि आठवत बसा.

प्लेसमेंटच्या तयारीत दुसरं काही जमलं नाही, तर निदान टर्मिनलवर ‘डॉकर इमेजेस’ ही कमांड देऊन बघा. ‘क्रिएटेड’च्या रकान्यात तुमच्या प्रोजेक्टपुढे ‘आठ महिन्यांपूर्वी’ असं काही दिसलं, तर ट्रिव्ही चालवा. यादी लांब येईल. त्यातल्या किती ओळी फक्त पुन्हा बिल्ड केल्याने जातात ते मोजा. उरतील त्यांच्यासाठी तुमचा कोड उघडावा लागेल.