राजा नसलेल्या नगरीतले सिंहासन

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सहलीचे बेत आखण्याची एक नवी तऱ्हा आपल्याकडेही रूढ होत चालली आहे. एखादी मालिका घरात महिनोन्महिने पाहिली जाते, तिच्यातील वाडे, चौक, जिने आणि किनारे पात्रांइतकेच ओळखीचे होतात, आणि सुट्टीचा विषय निघताच घरातील तरुण मंडळी, जेथे त्या मालिकेचे चित्रीकरण झाले त्याच गावी जाण्याचा आग्रह धरतात. ‘रात्रीस खेळ चाले’ गाजत होती तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीतील तो जुना वाडा पाहण्यासाठी कोकणात उतरणाऱ्यांनी मुद्दाम गाड्या वळवल्या. तिकडे ऑक्सफर्डमध्ये इन्स्पेक्टर मोर्सच्या चाहत्यांना त्याच्या तपासाच्या जागा दाखवीत हिंडणाऱ्या वाटाड्यांचा व्यवसाय, मालिका संपून दोन तपे उलटली तरी चालूच आहे. या हौसेला उथळ ठरवून नाके मुरडावीत असे मला मुळीच वाटत नाही. कथेच्या ओढीने स्थळाकडे जाणे ही मनुष्याची पुरातन प्रवृत्ती असून, पंचवटीला निघालेला यात्रेकरूही रामकथेच्या प्रेमानेच गोदाकाठी पोहोचत असतो. माझा आक्षेप आहे तो बेताच्या आखणीला. आणि तो आक्षेप नेमका काय आहे हे सांगण्यासाठी क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या नगरीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

एड्रियाटिक समुद्रात घुसलेल्या खडकावर, सुमारे 1940 मीटर लांबीच्या अखंड तटबंदीच्या आत वसलेले हे शहर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेमुळे जगाच्या घराघरात पोहोचले. 2011 ते 2019 या काळात आठ पर्वे चाललेल्या या मालिकेतील ‘किंग्ज लँडिंग’ ही राजधानी पहिल्या पर्वात माल्टामध्ये चित्रित झाली होती. दुसऱ्या पर्वापासून मात्र निर्मात्यांनी दुब्रोव्हनिकचा तट, बुरूज आणि बंदर यांचा आश्रय घेतला. समुद्रातून सरळ वर उठलेल्या कड्यावरचा लोव्ह्रियेनाच किल्ला राजवाड्याचा भाग झाला, मिंचेता बुरुजात मांत्रिकांचे घर आले, शहराबाहेरच्या त्रस्तेनो येथील जुने उद्यान राजवाड्याची बाग म्हणून दिसू लागले, आणि बंदरासमोरच्या लोक्रुम बेटावर त्या सुप्रसिद्ध लोखंडी सिंहासनाची प्रतिकृती येऊन विराजमान झाली.

मालिकेवर आखलेला सर्वसाधारण बेत असा असतो : ग्रुझ बंदरात आगबोटीतून सकाळी उतरावे, पिले दरवाजापाशी वाटाड्याची गाठ घ्यावी, दोन-तीन तासांत पंधरा-वीस स्थळे उरकावीत, प्रत्येक ठिकाणी मालिकेतील दृश्याचे चित्र हातात धरून मागच्या भिंतीशी ते जुळते की नाही ते पाहावे, सिंहासनावर बसून छायाचित्र काढून घ्यावे, आणि संध्याकाळी बोटीवर परत जावे. या साऱ्या धावपळीत पाहुण्याला एक गोष्ट कोणी सांगत नाही, आणि तीच या नगरीच्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती ही की, येथे राजा नव्हता.

राजा नव्हता, आणि राजा होऊ नये म्हणून येथील मुत्सद्द्यांनी शतकानुशतके डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. 1358 मध्ये व्हेनिसच्या अंमलातून सुटल्यापासून 1808 मध्ये नेपोलियनच्या सेनापतीच्या हुकुमाने संपुष्टात येईपर्यंत, म्हणजे साडेचार शतके, रागुसा या नावाने हे छोटे प्रजासत्ताक आपला कारभार आपण पाहत होते. त्याच्या प्रमुखाला रेक्टर म्हणत, आणि त्याची मुदत असे अवघा एक महिना. त्या महिन्यात त्याने रेक्टरच्या वाड्यातच राहावयाचे, सरकारी कामाखेरीज बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, रात्री नगराच्या दरवाजांच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात येत, आणि महिना संपला की तो पुन्हा इतर सरदारांसारखा एक सरदार. सभागृहाच्या दारावर कोरलेला लॅटिन लेख आजही वाचता येतो. आत जाणाऱ्याने खाजगी बाबी विसरून सार्वजनिक हिताकडे पाहावे, अशी आज्ञा त्यात आहे. ही लोकशाही नव्हती हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण सत्ता मूठभर खानदानी घराण्यांच्या हाती होती आणि सामान्य कारागिराला वा खलाशाला महासभेत जागा नव्हती. तथापि एका माणसाच्या हाती सत्ता साचू द्यावयाची नाही, हा नियम त्या घराण्यांनी ज्या निष्ठेने पाळला त्याला त्या काळच्या युरोपात तोड फार थोडी सापडेल.

या राज्यापाशी फौज नव्हती म्हटले तरी चालेल. होती ती तटबंदी, जहाजे आणि वाटाघाटींचे कसब. कॉन्स्टँटिनोपलच्या सुलतानाला दरसाल साडेबारा हजार सुवर्णमुद्रांची खंडणी पोचवून, तिच्या बदल्यात त्याच्या मुलुखात व्यापाराची सनद आणि जकातीच्या सवलती पदरात पाडून घेणाऱ्या या वकिलांचे राजकारण, मराठी दप्तरे चाळलेल्या वाचकाला अगदी परिचित वाटेल. साथीच्या मुलुखातून येणाऱ्या माणसांना नगरात शिरण्यापूर्वी एक महिना बाहेर अलग ठेवण्याचा कायदा रागुसाने 1377 मध्ये केला. सहा वर्षांपूर्वी आपण सर्वांनी ज्या विलगीकरणाचा अनुभव घेतला त्याचा हा आद्य लेखी कायदा मानला जातो. 1416 मध्ये तेथील महासभेने आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापारास मनाई केली. 1432 मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. आणि हे सर्व ज्या दप्तरांत नोंदलेले आहे ती दप्तरे सोळाव्या शतकातील स्पोंझा वाड्यात, जेथे पूर्वी नगराची मांडवी आणि टांकसाळ होती तेथे, आजही जपून ठेवलेली आहेत.

अशा नगरीत येऊन लोक रांगा लावतात त्या सिंहासनावर बसण्यासाठी. याला कोणी निरुपद्रवी मौज म्हणेल. मला मात्र यात एका नगरीच्या चारित्र्यावर झालेला अन्याय दिसतो. खून, कारस्थाने आणि वंशाभिमान यांनी बरबटलेल्या एका कल्पित राजकुळाची राजधानी म्हणून ज्या तटाचे आज जगभर नाव झाले, तो तट राजकुळांपासून स्वतःला वाचविण्यासाठीच बांधला गेला होता. ज्या लोव्ह्रियेनाच किल्ल्याला पर्यटक राजवाडा म्हणून ओळखतात, त्याच्या दारावर जगातील सारे सोने दिले तरी स्वातंत्र्य विकू नये, या आशयाचा शिलालेख आहे. आणि दाराखालून जाणाऱ्या जथ्यातील किती माणसे मान वर करून तो पाहतात, हे तेथे अर्धा तास थांबले तरी कळते.

नाटकाला शहर देऊच नये असे माझे म्हणणे नाही. 1950 पासून येथे दर उन्हाळ्यात कलामहोत्सव भरतो, त्यात याच लोव्ह्रियेनाच किल्ल्यावर शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे प्रयोग होत आले आहेत, आणि डेन्मार्कच्या राजपुत्राला जागा दिल्याने दुब्रोव्हनिकचे काही बिघडले नाही. फरक असा की, त्या प्रयोगाला येणारा प्रेक्षक आपण दुब्रोव्हनिकमध्ये बसलो आहोत हे विसरत नाही. मालिकेच्या यादीवर बोट ठेवून हिंडणाऱ्याला मात्र शहर हे केवळ पडदा होऊन बसते. संत इग्नेशियसच्या चर्चकडे चढणारा अठराव्या शतकातील जेझुइट जिना हा एड्रियाटिकच्या काठावरील वास्तुकलेचा एक रमणीय नमुना आहे. पाचव्या पर्वाच्या अखेरीस राणी सर्सीची धिंड या परिसरात काढलेली दाखविली, आणि तेव्हापासून हौशी पाहुणे त्या पायऱ्या उतरताना तोच धिक्काराचा घोष करू लागले. जिन्याच्या दोन्ही अंगांना माणसे राहतात, त्यांची मुले तेथे अभ्यास करतात, आणि जिन्याच्या पायथ्याशी गुंडुलिच चौकात रोज सकाळी भाजीचा बाजार भरतो, जेथे सुकी अंजिरे आणि साखरेत मुरवलेल्या नारिंगाच्या साली घेऊन बायका बसलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मन जड होते. मालिकेच्या शेवटच्या पर्वात एक ड्रॅगन ही राजधानी जाळून भस्म करतो, आणि ते दृश्य कोट्यवधी लोकांनी श्वास रोखून पाहिले. खरी नगरी जळाली ती 6 डिसेंबर 1991 रोजी. युगोस्लाव्ह सैन्याने ऑक्टोबरपासून वेढा दिलेल्या या शहराच्या जुन्या भागावर त्या दिवशी तोफगोळ्यांचा सर्वांत भीषण वर्षाव झाला. वेढा उठेपर्यंत तटाच्या आतील सुमारे दोन तृतीयांश इमारतींना तोफांचा मार बसला होता. युनेस्कोने 1979 मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरविलेली ही नगरी 1991 ते 1998 पर्यंत धोक्यातील वारशांच्या यादीत होती. तटावरून फिरताना खाली नजर टाकली तर छपरांचे दोन रंग दिसतात : उन्हापावसाने फिकट पिवळट पडलेली, थोडी वेडीवाकडी, जुनी हाती घडविलेली कौले, आणि त्यांच्या शेजारी एकसारखी, भडक तांबडी, नवी कौले. जेथे नवी कौले आहेत तेथे बहुधा छप्पर उडाले होते, आणि अशी छपरे बहुसंख्य आहेत. स्पोंझा वाड्याच्या तळमजल्यावर नगराच्या रक्षणात पडलेल्यांचे स्मृतिदालन आहे. भिंतीभर छायाचित्रे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ चेहरे विशी-पंचविशीतले आहेत. मालिकेच्या स्थळांच्या यादीत हे दालन नाही, कारण तेथे कोणतेही दृश्य चित्रित झालेले नाही.

गर्दीचा प्रश्न सर्वपरिचित असल्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. तटाच्या आत 1991 च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास माणसे राहत होती. आता ती संख्या दीड हजाराच्या घरात आली आहे, कारण घरे पाहुण्यांना दिवसावारी देणे हे घरात राहण्यापेक्षा किफायतशीर झाले. एका वेळी आठ हजारांहून अधिक पाहुणे आत असू नयेत अशी शिफारस झाली, दरवाजांवर माणसे मोजणारी यंत्रे बसली, 2019 पासून एका वेळी दोनच मोठ्या आगबोटी आणि त्यांतील चार हजार उतारू अशी मर्यादा नगरपालिकेने घालून घेतली. हे उपाय योग्यच आहेत. पण सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा, गावात न जेवणारा, न झोपणारा पाहुणा जोवर आपली आखणी बदलत नाही, तोवर पालिकेच्या कायद्याने होऊन होऊन किती होणार?

म्हणून माझी सूचना अशी की, मालिकेसाठी जावयाचे तर अवश्य जावे, परंतु निदान तीन रात्रींचा मुक्काम करावा, आणि तोही तटाच्या आतील घरात न करता लापाद किंवा ग्रुझसारख्या वस्तीत करावा, म्हणजे आणखी एक बिऱ्हाड बाहेर जाण्यास आपला हातभार लागणार नाही. मालिकेला एक सकाळ द्यावी, ती मनसोक्त द्यावी, आणि ती तटावरच्या फेरीला द्यावी, कारण तटाचा दरवाजा उघडताच चढले तर ऊन आणि आगबोटींचे जथे दोन्ही टळतात. त्याच दिवशी दुपारी रेक्टरचा वाडा पाहावा. ज्या वास्तूत मालिकेतील श्रीमंत मसाला-व्यापाऱ्याचा महाल दाखविला त्याच वास्तूत महिनाभराचा तो कैदी राज्यप्रमुख राहत असे, हे ध्यानात आले म्हणजे मालिका आणि इतिहास एकमेकांशी बोलू लागतात. फ्रान्सिस्कन मठातील औषधालय 1317 मध्ये सुरू झालेले आहे, तेथे थोडा वेळ काढावा. आणि स्त्रादुन या मुख्य पेठेतून निवांत चालावे. 1667 च्या भूकंपाने नगरीचा चक्काचूर केला, हजारो माणसे आणि खुद्द रेक्टरही ढिगाऱ्याखाली गेले, त्यानंतर ही पेठ एका मापाने, एका उंचीने पुन्हा उभी राहिली. तिच्या दुकानांचे दार आणि खिडकी एकाच कमानीत असून, खिडकीचा दगडी ओटा हाच दुकानदाराचा देवघेवीचा कट्टा असे. त्रस्तेनोला जावे ते मात्र सर्सीच्या बागेसाठी नव्हे, तर पाचशे वर्षांहून जुन्या दोन प्रचंड चिनार जातीच्या वृक्षांसाठी. ही बाग 1991 च्या युद्धात होरपळली आणि पुन्हा सावरली.

गोव्यातून किंवा कोकणातून जाणाऱ्याला मी आणखी एक गोष्ट सुचवीन. तिसवाडीत, जुन्या गोव्यापासून थोड्या अंतरावर गवंडाळी येथे सां ब्राझचे चर्च आहे. सोळाव्या शतकात मसाल्यांच्या व्यापारासाठी आलेल्या रागुसाच्या व्यापाऱ्यांनी ते आपल्या ग्रामदैवतासाठी बांधले अशी परंपरा सांगितली जाते, आणि दुब्रोव्हनिकचा संरक्षक संत व्लाहो तो हाच संत. त्याचा उत्सव 3 फेब्रुवारीचा. दुब्रोव्हनिकमध्ये तो दहाव्या शतकापासून चालत आल्याचे मानतात, आणि 2009 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक आपापली निशाणे घेऊन पारंपरिक वेषात नगरात येतात, स्त्रादुनवरून मिरवणूक निघते, आगबोटींचा हंगाम नसल्यामुळे रस्त्यावर प्रामुख्याने गावचीच माणसे असतात, आणि हवा थंड असली तरी खोल्यांचे भाडे उन्हाळ्याच्या मानाने बरेच कमी असते. आधी एकदा गवंडाळीचे चर्च पाहून घ्यावे, आणि प्रवासाची तिकिटे काढावयाची ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची काढावीत.